तिसऱ्या बराकीतल्या उशा

६ जानेवारी

चौथीत शाळा सुटली आणि पुढचं लिहिणं मी दुसऱ्यांची पत्रं वाचून आणि स्वतःची लिहून शिकलो. त्यामुळे वही उघडली तरी आधी सगळ्यांची खुशाली विचारल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही. तर, आमच्या हिचा गुडघा कसा आहे? कुरकुरतोय, पण चालतोय; जिभेइतका नाही, एवढंच. मुलगी? कामासाठी बाहेरगावी, महिनाभर तरी. नात? आमच्याकडे. आठवडाभर नाक वाहतंय, खोकून खोकून दमते आणि माझ्याच मांडीवर झोपते. शेजारचा न्हावी? दाढ काढून आला, गाल फुगवून बसलाय. आणि मी? ठणठणीत. घशात थोडी खरखर आहे, पण साठीला टेकलेल्या घशात खरखर नसेल तर काय बासरी वाजेल?

आज रंगरूटांची नवी तुकडी आली. छावणीच्या बिछानाकोठीवर मी बत्तीस वर्षं आहे. गादी, उशी, दोन ब्लँकेटं मोजून द्यायची आणि बराकीत खाटा लावून द्यायच्या, हे माझं काम. तिसऱ्या बराकीत चाळीस पोरं. सगळ्यांचे केस नुकतेच कापलेले, कान उघडे पडलेले, चेहरे जत्रेत हरवल्यासारखे. ब्लँकेट देताना प्रत्येकाला विचारलं, "काय रे, जेवलास का?" तिघांचे डोळे तेवढ्यावरच भरले.

१० जानेवारी

संध्याकाळी कोठी बंद करून तिसऱ्या बराकीत गेलो. नियम नाही, सवय आहे. ही म्हणते, "घरात नात, तिथे चाळीस नातू. माझ्या वाट्याला तुम्ही कधी?"

त्यांच्यात एकाच्या पुढच्या दातांत फट आहे. 'स' म्हणाला की शिट्टी वाजते, म्हणून त्याचं नाव शिट्टी. दुसरा चष्मेवाला, वयाने थोडा मोठा, सगळ्यांची पत्रं तपासून देतो. तो मास्तर. त्यालाच कवायत घेणाऱ्या हवालदारांनी बराकीचा मॉनिटर केलंय.

शिट्टी म्हणाला, "आजोबा, माझ्या नाकाशी या पैलवानाचे पाय आहेत. असला वास घेऊन मी सरहद्द कशी सांभाळू?"

पैलवान म्हणाला, "सरहद्दीवर तुझ्या शिट्टीनेच पळतील सगळे. झोप."

हसलो. पण मग शिट्टी हळूच म्हणाला, "घरी आम्ही भावंडं तोंडाकडे तोंड करून बोलत झोपायचो. इथे डोळे उघडले की नुसते पाय."

बराकीच्या दारावर एक जुना कागद चिकटवलाय. एका खाटेची उशी भिंतीकडे, शेजारच्या खाटेची वाटेकडे. दोन खाटांत दोन हातांचं अंतर. कोणा साहेबाने कधीकाळी लावलेला. का, ते कागदावर नाही आणि मीही कधी विचारलं नाही. रांग देखणी दिसावी म्हणून असेल. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना काय, त्यांना थोडंच तिथे निजायचंय? आणि माणसाच्या डोक्याशी पाय करून झोपायचं, हे मला कधीच पटलं नाही.

म्हटलं, "फिरवा उशा." सगळ्यांची डोकी भिंतीकडे. मग खाटाही दोन-दोन जवळ ओढल्या, म्हणजे खिडकीचा गारठा कमी लागतो. पाच मिनिटांत बराकीला घरपण आलं. केवढी किलबिल!

एकटा मास्तर कुरकुरला. "आजोबा, शनिवारी तपासणी असते."

"त्याआधी अर्धा तास सगळं जागच्या जागी. तू मॉनिटर ना? तेवढं बघ."

"कागदावर एक आणि खाटेवर एक, हे बरं दिसत नाही."

"मी सांगतो ना! बत्तीस वर्षं झाली मला."

बत्तीस वर्षांपुढे बिचाऱ्याने आपलीही उशी फिरवली.

१५ जानेवारी

बराकीत तिघे-चौघे खोकू लागलेत. गारठा आहेच, त्यात पहाटेपासून धावणं. दवाखान्यात जायला कोणी तयार नाही. सलग पाच दिवस कवायत चुकली की पुढच्या तुकडीत ढकलतात, पुन्हा पहिल्यापासून. पोरं त्याला 'घसरणं' म्हणतात. शिट्टीच्या थोरल्या भावाला असंच ढकललं होतं, तो शेवटी कंटाळून घरी गेला. म्हणून हा म्हणतो, "आजोबा, मी मरेन पण घसरणार नाही."

"मरायची भाषा करू नको, घोट घे," मी म्हटलं.

रोज थर्मास भरून आल्याचं गरम पाणी नेतो. हिने गूळ टाकून दिलेला असतो. थर्मासचं झाकण हाच पेला. आधी मी घोट घेऊन बघतो, पोरांची जीभ पोळायला नको. मग खाटेखाटेवर बसून एकेकाला दोन-दोन घोट. खोकणाऱ्यांना जरा जास्त. शिट्टीच्या खाटेवर सर्वांत उशिरापर्यंत बसतो, कारण गप्पा त्याच्याच रंगतात.

नात आता बरी आहे. तिचा खोकला गेला. माझा मात्र चिकटून बसलाय, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा.

१८ जानेवारी

तिसऱ्या बराकीत अकरा आजारी. बाकीच्या सगळ्या बराकी मिळून चार.

छावणीच्या नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. माझ्या मुलीपेक्षाही लहान. पण डोळा असा, की ब्लँकेटची उसवलेली शिवणसुद्धा सुटणार नाही. हातात मोठा कागद; त्यावर तिसऱ्या बराकीच्या चाळीस खाटा आखलेल्या. जो आजारी, त्याच्या उशीच्या जागी लाल ठिपका.

मला म्हणाल्या, "काका, पोरं डोकं-पाय आलटून-पालटूनच झोपतात ना? दारावरच्या कागदाप्रमाणे?"

मास्तर माझ्याकडे बघत होता. खाटा त्या वेळी अगदी नियमाप्रमाणे होत्या, शनिवारच्या तपासणीसाठी आदल्या अर्ध्या तासात लावलेल्या.

"हो बाई," मी म्हटलं. "इथे सगळं कागदाप्रमाणे."

"मग कळत नाही. खोकल्याचा तुषार समोरच्याच्या तोंडावर पडू नये म्हणून तर ती रचना असते. इथे ती पाळतात आणि इथेच सर्वांत जास्त आजारी. ठिपकेसुद्धा कसेही विखुरलेत. म्हणजे उशीवरून नाही, दुसऱ्याच कशातून पसरतंय. ब्लँकेटं असतील."

रांग देखणी दिसावी म्हणून नव्हतं, तर!

तेव्हाच सांगता आलं असतं. तोंड उघडलं आणि खोकलाच आला. बाई पुढे निघून गेल्या. खोकल्याला दोष कशाला देऊ? तो थांबल्यावरही मी गप्पच होतो.

बाई गेल्यावर मास्तरला म्हटलं, "आजपासून उशा कागदाप्रमाणे."

त्याने चष्मा काढून पुसला. "आज लावू आजोबा. पण बाईंच्या कागदावरचे ठिपके खोट्या जागी पडलेत, त्यांचं काय?"

थर्मास उचलून घरी आलो.

२० जानेवारी

दोन दिवस कोठीत मोठमोठ्या हंड्यांत ब्लँकेटं उकळतोय. दोनशे चाळीस ब्लँकेटं. बाईंचा हुकूम. हात सोलले. मला ठाऊक आहे, की उगाच उकळतोय. बाई मात्र येऊन म्हणाल्या, "काका, तुम्हाला या वयात फार त्रास देतेय." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ब्लँकेटं अजून ओलीच आहेत, म्हणून पोरांनी पुन्हा खाटा जोडल्या. एका ब्लँकेटमध्ये दोघे. मी पाहिलं. ओरडायला पाहिजे होतं. कोणत्या तोंडाने ओरडू?

दुपारी कवायत मैदानावर शिट्टी खाली बसला. हवालदार धावले, मला वाटलं आता खेकसणार. त्यांनी त्याला पाठुंगळीला घेतलं आणि दवाखान्यापर्यंत पळत नेलं. ओठ निळसर. चार दिवस ताप होता म्हणे, कोणाला बोलला नव्हता. मला बोलला होता. "थोडी कणकण आहे आजोबा." मी त्याला पूर्ण झाकणभर पाणी पाजलं होतं आणि पाठ थोपटली होती.

गाडीतून शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. न्यूमोनिया.

२१ जानेवारी

त्याला ऑक्सिजन लावलाय. त्यापलीकडे कोणी काही सांगत नाही.

२३ जानेवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

हवालदार दुपारी अचानक बराकीत शिरले. खाटा जोडलेल्या, डोकी एकत्र. सगळ्यांना मैदानात उभं केलं. मी ब्लँकेटांचा गठ्ठा घेऊन दहा पावलांवर होतो.

"हे कधीपासून?" हवालदारांनी विचारलं.

मास्तर पुढे झाला. "पहिल्या आठवड्यापासून, सर. मी सांगितलं होतं."

"तपासणीला सरळ आणि एरवी वाकडं? हेही तूच?"

"हो सर."

"डॉक्टरांशी खोटं बोललास?"

"बोललो नाही सर. गप्प राहिलो."

हवालदारांचा आवाज एकदम खाली आला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "तुझ्या गप्प राहण्याने एक पोरगं तिकडे श्वास मोजतंय. उद्या कमांडंट साहेबांपुढे. घरी जायची तयारी ठेव."

एकोणचाळीस पोरांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. ठरवून. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे तर भर उन्हात गठ्ठा छातीशी धरून मी उभा होतो आणि चोर कोण ते सगळ्यांना माहीत होतं, एका हवालदारांशिवाय.

नंतर मास्तरला गाठलं. "का रे बाबा?"

"तुम्ही एकटेच होतात आजोबा, ज्यांनी विचारलं की जेवलास का. पोरांनी ठरवलं, तुमचं नाव घ्यायचं नाही."

"आणि तुझं काय?"

"माझी चूक आहेच ना. मला पटलं नव्हतं आणि तरी केलं."

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ती मटार सोलत होती. ऐकून घेतलं, एक दाणाही खाली पडू दिला नाही.

"नोकरी जाईल," मी म्हटलं. "हे छावणीचं घरही. या गुडघ्याने कुठे हिंडशील?"

"माझ्या गुडघ्याआड लपू नका," ती म्हणाली. "तो आधीच दुखतोय."

२४ जानेवारी

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसलो. बाई आल्या. उभ्याउभ्याच सांगितलं: उशा मी फिरवल्या, खाटा मी जोडल्या, तपासणीआधी सरळ करायला मी शिकवलं आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. मास्तर नाही. मी.

बाईंनी कोरा कागद काढला. "खाटा खरोखर कशा होत्या ते सांगा. एकेक."

मी सांगत गेलो. कोणाचं डोकं कुठे, कोण कोणाशी जोडलेला. मला चाळीसच्या चाळीस पाठ. लाल ठिपके पुन्हा पडत गेले आणि आता विखुरले नाहीत. जोडीजोडीने बसले. याची उशी, त्याची उशी. लहान मुलालाही कळलं असतं.

"सहा दिवस," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण पेन्सिल टेबलावर आपटली. "सहा दिवस मी ब्लँकेटं उकळत बसले. त्या सहा दिवसांत नऊ जण वाढलेत. हा मुलगाही त्यातच गेला."

"गेला?" मी टेबल धरलं.

"इस्पितळात गेला. बसा. पाणी प्या." मग जरा थांबून, "काका, तुम्ही रोज बराकीत जात होता?"

सांगितलं. आल्याचं पाणी, थर्मास, कोणाकोणाच्या खाटेवर बसत होतो, सगळं. त्यांनी निळी पेन्सिल घेतली आणि मी सांगितलेल्या खाटाखाटांवरून एक रेघ ओढत नेली. रेघ जवळजवळ प्रत्येक लाल ठिपक्यापाशी थांबली. मला वाटलं, निदान एवढं तरी चांगलं केलं, की आजाऱ्यांपाशी बसलो. बाईही त्याची नोंद घेताहेत.

"आणि हा खोकला तुम्हाला कधीपासून?"

"नात आल्यापासून. तिचं नाक वाहत होतं ना."

त्यांनी तारीख लिहून घेतली. घशात कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतला, छाती तपासली. म्हणाल्या, "सात दिवस घरी. कोठीत आणि बराकीत पाऊल टाकायचं नाही."

शिक्षा माझ्या अपेक्षेपेक्षा हलकीच निघाली. मास्तरसाठी त्या माझ्यासोबत स्वतः कमांडंट साहेबांकडे आल्या. साहेबांपुढे मी पुन्हा सगळं सांगितलं, दाराजवळून, कारण बाईंनी मला आत जाऊ दिलं नाही. मास्तर राहिला, मॉनिटरकी गेली. आणि बाईंनी साहेबांकडून आणखी एक गोष्ट मान्य करून घेतली: या आजारात चुकलेले दिवस मोजायचे नाहीत, कोणी घसरणार नाही. हे बराकीत जाहीर झालं आणि तासाभरात सात पोरं आपणहून दवाखान्याच्या रांगेत आली. सात! सगळी अंगात ताप घेऊन धावत होती.

माझ्या नोकरीचं चौकशीनंतर ठरेल.

२६ जानेवारी

घरी बसून आहे. आज जेवताना नातीने माझ्या पेल्याला हात घातला. हिने झपकन तो ओढून घेतला.

"पोरीच्या हातातून कशाला ओढतेस? पाणीच तर आहे."

"कमाल आहे तुमची! तिचाच खोकला तुम्हाला लागला. आता तुम्ही परत तिलाच देणार का?"

घास हातातच राहिला.

तिचा मला. मग माझा कोणाला?

आधी मी घोट घेऊन बघतो, पोरांची जीभ पोळायला नको. झाकण एकच. खोकणाऱ्यांना जरा जास्त. शिट्टीच्या खाटेवर सर्वांत उशिरापर्यंत. बाईंची निळी रेघ माझ्या पुण्याईची नव्हती.

बाईंना फोन लावून विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, आजार नक्की कोणाकडून आला ते छातीठोक सांगता येत नाही. चाळीस पोरं चाळीस गावांहून आली होती, त्यांच्यापैकीही कोणी आणला असेल. पण झाकण एक होतं, हे खरं आहे."

पोटभर शिव्या दिल्या असत्या तर झोप लागली असती.

३ फेब्रुवारी

शिट्टी वाचला. ऑक्सिजन काढला. चार पावलं चालतो. मात्र छाती पूर्वीसारखी व्हायला काही महिने लागतील, तोवर घरी. पुढे सैन्यात घेतील की नाही, ते तेव्हा बघतील. जे त्याला नको होतं तेच झालं.

आज त्याच्या आईचं पत्र आलं. चार ओळी. "तुमच्यासारखे आजोबा तिथे होते म्हणून माझं पोर वाचलं. तो सांगतो, तुम्ही स्वतःच्या पेल्यातून त्याला पाजत होता. आम्ही सगळे तुमच्या पाया पडतो."

हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आता?"

"आता काय, उत्तर."

"साधं आभाराचं लिहिलंत तर कोणाला कळणार आहे?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझी परीक्षाच बघत होती.

आधी इथे लिहितो, मग एक शब्द न गाळता कोऱ्या कागदावर उतरवतो.

"ताई, नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. तुमचे आभार माझ्याकडे ठेवता येणार नाहीत, परत पाठवतो आहे. ते डॉक्टरीणबाईंना द्या आणि ज्यांनी त्याला पाठीवरून पळत नेलं त्या हवालदारांना द्या.

माझं काम खाटा लावण्याचं. त्या लांब ठेवायच्या होत्या, मी जवळ आणल्या. पोरांची डोकी दूर ठेवायची होती, मी एकत्र केली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो आणि त्यात सहा दिवस वाया गेले. तुमच्या मुलाने ताप आहे असं मला सांगितलं होतं. मी त्याला दवाखान्यात नेलं नाही, पाणी पाजलं. तो पेला माझा होता आणि खोकलाही माझा होता. आजार त्यातूनच गेला असं डॉक्टर ठामपणे म्हणत नाहीत. नाही गेला असंही म्हणत नाहीत.

मी हे मायेने केलं असं लिहिणार होतो, पण ते खोडलं. माया होती, हे खरं. तिच्यामुळेच कोणी मला अडवलं नाही.

हे पत्र त्याला वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. त्याने माझी बाजू घेतली तर त्याला घेऊ देऊ नका. तिथल्या सगळ्याच पोरांना ती सवय आहे.

उत्तर लवकर पाठवा. रागाचं असलं तरी चालेल, एका ओळीचं असलं तरी चालेल. मला आजोबा म्हणू नका, पण तो जिन्याच्या किती पायऱ्या न थांबता चढतो, तेवढं कळवा."